पाच वाजताचा चिवडा

आमच्याकडे चिवड्याची काचेची बरणी ओट्यावरच असायची. संध्याकाळी चहा उकळेपर्यंत तीन मुठी पोटात. भूक होती का? छे, दोनला तर जेवलेलो. डोळ्याला दिसलं की हात जातो, एवढंच.

म्हणून पहिलं काम बरण्यांच्या अदलाबदलीचं. चिवडा स्टीलच्या डब्यात, सगळ्यात वरच्या फळीवर. स्टूल ओढावं लागलं की निम्म्या वेळा कंटाळा येतो. (बायको म्हणते, मी मुळातच आळशी.) काचेच्या बरणीत आता फुटाणे. १०० ग्रॅम फुटाण्यांत साधारण २० ग्रॅम प्रथिनं, शिवाय चोथा भरपूर. चावत बसावं लागतं, त्यामुळे पोट भरल्याचं लक्षात यायला सवड मिळते. शेंगदाणेही चांगले, पण मूठभरच; १०० ग्रॅमला जवळपास ५७० कॅलरी होतात.

डब्यातून थेट खायचं नाही. वाटीत काढा, झाकण लावा, डबा जागेवर ठेवा, मगच बसा. मॅच बघताना तर हे हवंच, नाहीतर अख्खं पाकीट कधी संपलं कळत नाही.

तरी हात शिवशिवतोय? मग स्वतःला विचारा, आत्ता कुणी सकाळची पोळी-भाजी वाढली तर खाईन का? हो असेल तर भूक खरी, खुशाल जेवा. नाही असेल तर तो कंटाळा. अशा वेळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला जातो.

रविवारी मिसळ असते. तिला यातलं काहीही लागू नाही.