लिनक्ससाठी सेकंडहँड लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाहीत. असे धडधाकट लॅपटॉप लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर अजून कित्येक वर्षं सुखाने चालतील. फक्त निवडताना घाई नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘आय-फाइव्ह, आठ जीबी, एसएसडी’ एवढं ऐकून पैसे मोजणं. लिनक्सचं घोडं प्रोसेसरवर सहसा अडत नाही. अडतं ते वायफाय आणि ग्राफिक्सवर. म्हणून लिनक्स मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट सुरू होणारा, सोबत न्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात घ्या नाहीतर ओळखीच्या माणसाकडून, मशीन त्यावर सुरू करून दाखवायला सांगा. नकार आला तर सरळ पुढच्या दुकानात जा.

सुरू झालं की टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘के’ पर्याय लावून (lspci -k) चालवा. नेटवर्क कंट्रोलरच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ (Kernel driver in use) अशी ओळ दिसते; ड्रायव्हर म्हणजे ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर. तिथे ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ (iwlwifi) असेल तर वायफाय कार्ड इंटेलचं आहे, निश्चिंत राहा. ब्रॉडकॉम असेल तर बऱ्याच चिप्सना ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाल्यावर तो कधीकधी रुसतो. तेव्हा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, आणि ड्रायव्हर पुन्हा डाउनलोड करून टाका. ‘कार्ड नंतर बदलू’ हा हिशेबही जपून करा. २०१३-१४ च्या सुमाराच्या कित्येक थिंकपॅडचा (लेनोव्होचे लॅपटॉप) बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारतच नाही.

त्यानंतर स्वतःच्या हॉटस्पॉटला जोडा, आवाज आणि कॅमेरा तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडा. स्क्रीन काळीच राहिली तर घरी नेल्यावरही डोकेदुखी होणार.

वेगळं एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड फुकट मिळतंय म्हणून भुलू नका. जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकेला चालणारा ३९० ड्रायव्हर कंपनीने २०२२ अखेर थांबवला. रोजच्या कामाला इंटेलचं अंगचं ग्राफिक्स पुरतं आणि ते त्रासही देत नाही.

मॉडेलचं नाव पूर्ण वाचा. थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, टी४८०एस मध्ये एकच, बाकीची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. टी४८० ला बॅटऱ्याही दोन असतात, एक आत आणि एक मागे. विकणारा बहुतेक वेळा मागचीच दाखवतो. ‘यूपॉवर’ (upower -d) कमांडने दोन्हींची आजची क्षमता मूळ क्षमतेशी ताडून बघा.

बायोसला सुपरवायझर पासवर्ड असेल आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल, तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. बूट ऑर्डर, म्हणजे मशीन आधी कशावरून सुरू व्हावं हा क्रम, बदलायचीही चोरी होते.

इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नसेल तर मात्र लगेच मशीनला दोष देऊ नका. बायोसमध्ये स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वर असेल तर ते ‘एएचसीआय’ करा. जुनं विंडोज मग कदाचित बूट होणार नाही, पण एसएसडी बहुधा लगेच दिसू लागते.