शिक्षकाने आपले वाचन वर्गात कसे आणावे

‘मुलांनो, वाचत जा’ हे वाक्य शाळेत वर्षभर ऐकू येते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी पुस्तके मांडली जातात, भाषणे होतात आणि छायाचित्रे काढली जातात. या सगळ्यात एक गोष्ट मुलांना बहुधा कळतच नाही, ती म्हणजे वाचायला सांगणारे सर किंवा बाई सध्या स्वतः काय वाचत आहेत. शिफारशीच्या यादीपेक्षा हे कळण्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो, असे माझे ठाम मत आहे. यादी कुणीही देऊ शकते. पण रोज समोर उभे राहणारे, ओळखीचे माणूस एका पुस्तकासाठी रात्री उशिरापर्यंत जागले हे समजले की त्या पुस्तकाविषयी मुलांना आपोआप कुतूहल वाटू लागते. पाचवी ते दहावीच्या शिक्षकांनी आपले वाचन मुलांसमोर कसे ठेवावे, हे पुढे सांगितले आहे. ते भाषेच्या शिक्षकांइतकेच गणित, विज्ञान आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनाही लागू आहे.

आधी स्वतःचे वाचन

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे येथे अगदी शब्दशः खरे आहे. सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे आणि परीक्षांची कामे यांतून शिक्षकाला वाचायला वेळ मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे. तरीही रोज पंधरा-वीस मिनिटे ठरवून काढता येतात, आणि या कामाला तेवढी पुरतात. वाचन ‘दर्जेदार’च असले पाहिजे, हा संकोच मात्र बाजूला ठेवावा. दिवाळी अंकातील लेख, रविवारची पुरवणी, शेतीविषयक मासिक, एखाद्या खेळाडूचे चरित्र, पाककृतींचे पुस्तक, प्रवासवर्णन, हे सारे वाचनच आहे. आपले खरे वाचन काय आहे हे मान्य केल्याशिवाय ते मुलांना सांगता येणार नाही, आणि न वाचलेल्या पुस्तकाचे कौतुक मुले फार लवकर ओळखतात.

त्यासाठी एक साधी वही ठेवावी. पुस्तकाचे नाव आणि लेखक यांच्याबरोबर ते कुठून मिळाले, का उचलले आणि वाचताना कोणत्या पानावर थांबावेसे वाटले, एवढेच तीत लिहावे. सारांश लिहू नये. पुढे वर्गात बोलताना सारांश कामाला येत नाही. तो पान क्रमांक कामाला येतो.

काय सांगावे, काय ठेवून द्यावे

शिक्षक वाचतो ते सगळेच वर्गात नेण्यासारखे नसते. प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबरीतला एखादा उतारा सातवीच्या मुलांना मनापासून आवडू शकतो, पण म्हणून ती पूर्ण कादंबरी त्यांच्या हातात देता येत नाही. अशा वेळी उतारा वाचून दाखवावा आणि ‘हे पुस्तक तुम्ही मोठे झाल्यावर वाचा’ असे सरळ सांगावे. राजकीय वा धार्मिक मतांचा प्रचार करणारी पुस्तके शिक्षकाने घरी अवश्य वाचावीत, परंतु वर्गात ती स्वतःची आवड म्हणून मिरवू नयेत, कारण मुलांवर शिक्षकाच्या शब्दाचा जो अधिकार चालतो त्याचा तसा वापर करणे योग्य नाही. विषमता, जात, गरिबी, स्थलांतर यांविषयीची पुस्तके टाळण्याचे मात्र कारण नाही. आत्मकथनांची मोठी परंपरा मराठीत आहे, आणि वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांना आपल्या घरासारखे घर पहिल्यांदा तेथेच भेटते. एवढेच पाहावे की ज्या मुलाची परिस्थिती त्या पुस्तकासारखी आहे, त्याच्याकडे वर्गाचे डोळे वळतील अशा रीतीने बोलले जाऊ नये.

महिन्या-दोन महिन्यांनी वही चाळून आपण कोणती पुस्तके सांगितली हे तपासावे. सगळी एकाच प्रकारची, एकाच प्रदेशातली, पुरुषांनीच लिहिलेली निघाली, तर पुढचे पुस्तक जाणीवपूर्वक निराळे निवडावे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलीतले लेखन ज्या मुलांची ती घरची भाषा आहे त्यांच्यासमोर त्याच बोलीत वाचून दाखवले की वर्गाचे लक्ष कसे एकवटते, हे प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी अनुभवावे. वर्गात हिंदी किंवा उर्दू वाचणारी मुले असतील आणि शिक्षकाला ती भाषा येत असेल, तर त्या भाषेतले वाचनही सांगावे.

तीन मिनिटांत कसे बोलावे

यासाठी वेगळा तास लागत नाही. परिपाठातली तीन मिनिटे किंवा तासाच्या सुरुवातीची तीन मिनिटे पुरेशी आहेत. वेळ कमी असल्यामुळे काय बोलायचे नाही हे आधी ठरवावे. लेखकाचा जन्म, पुरस्कारांची नावे, ‘मराठी साहित्यातील अजरामर कलाकृती’ यांसारखी विशेषणे आणि पुस्तकातून मिळणारा बोध, हे चारही वगळावेत. ते सर्व प्रश्नपत्रिकेच्या वळणाचे आहे, आणि ते कानावर पडताच मुले मनातल्या मनात पेन काढून बसतात.

व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’ नववीच्या वर्गाला सांगायची आहे असे समजू. शिक्षकाने पुस्तक हातात धरून साधारण असे बोलावे: ‘मी सध्या हे पुस्तक वाचतो आहे. एका तरुण मास्तरांची माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक होते. ते वाडीवर पोहोचतात, तर शाळेत मुलेच नाहीत, कारण मुले मेंढरांमागे गेलेली. आता मेंढरे राखणाऱ्या मुलाच्या बापाला मास्तर काय सांगणार? शाळेत पाठवले तर मेंढरे कोण राखणार, हा बापाचा प्रश्न काही चुकीचा नाही. मी स्वतः शिक्षक आहे, आणि मला त्याचे उत्तर लगेच सुचले नाही.’ एवढे बोलून खूण केलेले पान उघडावे, अर्धे पान वाचावे आणि प्रसंग पूर्ण होण्याआधी थांबावे. पुढे काय होते असे कुणी विचारले, तर उत्तर न देता पुस्तक कुठे मिळेल ते सांगावे.

या बोलण्यात कथानकाची दोनच वाक्ये आहेत. बाकीचे बोलणे वाचणाऱ्याला काय अडले, काय पटले याविषयीचे आहे, आणि मुलांना पुस्तकाकडे नेणारा भाग तोच असतो. म्हणूनच दुसऱ्याचे बोलणे पाठ करून येथे भागत नाही. वाचून दाखवायचा उतारा मात्र घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहावा. संवाद असेल तर कोण बोलत आहे हे आवाजातून कळले पाहिजे, पण नाटकी अभिनयाची गरज नाही. शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाणे अधिक महत्त्वाचे आहे.

विज्ञानाच्या शिक्षकाला तर पाठाच्या ओघातच जागा सापडते. शिंबावर्गीय, म्हणजे भुईमुगासारख्या शेंगा येणाऱ्या, वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत असणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन मातीत स्थिर करतात, हे शिकवताना वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ साली आलेल्या चरित्राची आठवण निघायलाच हवी. सतत कापूस घेऊन निःसत्त्व झालेल्या अमेरिकेच्या दक्षिण भागातील जमिनीत भुईमुगासारखी पिके घ्या, असे गुलामगिरीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ तेथील शेतकऱ्यांना सांगत होता. ज्या वर्गातील मुलांच्या शेतात भुईमूग आणि कापूस दोन्ही आहेत, तेथे एक डहाळा मुळासकट उपटून आणावा, गाठी दाखवाव्यात आणि मग पुस्तक काढावे.

दारावरचा कागद

बोलण्याइतकाच उपयोग एका कागदाचा होतो. वर्गाच्या किंवा शिक्षक खोलीच्या दारावर ‘मी सध्या वाचत आहे’ असे लिहून खाली पुस्तकाचे नाव आणि एक वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहावे. तो दर आठवड्याला, निदान पंधरवड्याला बदलला पाहिजे. महिनाभर तोच राहिला तर तो सुविचाराच्या फलकाप्रमाणे कुणाला दिसेनासा होतो. अर्धवट सोडलेले पुस्तकही त्यावर लिहावे आणि का सोडले तेही लिहावे. हाती घेतलेले पुस्तक पूर्ण केलेच पाहिजे या धास्तीने अनेक मुले जाड पुस्तकांना हातच लावत नाहीत. मोठी माणसेही पुस्तक मध्येच खाली ठेवतात हे दिसल्यावर त्यांची भीड चेपते.

या कागदावर केवळ मराठीच्या शिक्षकांचे नाव असू नये. क्रीडाशिक्षक, लिपिक, शिपाई मामा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांनाही काय वाचता असे विचारावे आणि त्यांची तयारी असेल तर त्यांचेही कागद लावावेत. मैदानावर शिट्टी वाजवणारे सर पुस्तक वाचतात, ही गोष्ट पुस्तकांपासून लांब राहणाऱ्या मुलांवर भाषेच्या शिक्षकाच्या दहा भाषणांपेक्षा अधिक परिणाम करते.

या पद्धतीला आपल्याकडे थोर पूर्वज आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढत असत. छपाई नाही, निधी नाही, फक्त शिक्षकाचे हस्ताक्षर आणि रोजचा नेम. आज त्याच्या मानाने आठवड्याला एक कागद लिहिणे फारसे अवघड नाही.

पुस्तक हाती पडले पाहिजे

बहुतेक उपक्रम येथेच फसतात. शिक्षक सुंदर बोलतात, मुले उत्सुक होतात, आणि पुस्तक कुलूपबंद कपाटात असते किंवा शाळेत नसतेच. ज्या दिवशी पुस्तकाविषयी बोलायचे, त्या दिवशी त्याची निदान एक प्रत मुलांना नेता आली पाहिजे. एकच प्रत असेल तर फळ्याच्या कोपऱ्यात क्रमाने नावे लिहावीत. प्रतीक्षेतली नावे डोळ्यांसमोर राहिली की पुस्तकाची मागणी आणखी वाढते. घरची प्रत देणार असाल तर ती मळेल, दुमडेल, कदाचित परतही येणार नाही, हे आधीच मनाशी मान्य करून द्यावी. हरवल्याचा दंड घेऊ नये, कारण ज्या घरी दंडाची भीती असते तेथे पुस्तक दप्तराबाहेर निघतच नाही.

शाळेबाहेरचे मार्गही मुलांना दाखवावेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे, आणि त्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये राज्यभर खेडोपाडी आहेत. आपल्या गावातले किंवा शेजारच्या गावातले ग्रंथालय शोधून, तेथील ग्रंथपालांशी आधी बोलून, मुलांना एकदा घेऊन जावे आणि आपण स्वतः तेथे पुस्तक बदलताना त्यांना दिसावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी बालकथा विनामूल्य आहेत. ही साधने असताना, व्हॉट्सॲपच्या गटांत फिरणाऱ्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती शिक्षकाने मुलांना कधीही पाठवू नयेत. ज्या लेखकाविषयी आपण प्रेमाने बोलतो, त्याच्या कष्टाची चोरी आपल्या हातून होणे शोभत नाही.

मुलांकडून काय मागावे, काय मागू नये

सारांश, परीक्षण, गुण, वाचलेल्या पुस्तकांच्या संख्येची स्पर्धा, यांतले काहीही या उपक्रमाला जोडू नये. मागायचेच असेल तर मुलांची शिफारस मागावी: ‘तू काय वाचतोस? मला वाचायला देशील का?’ आणि मुलाने दिलेले पुस्तक शिक्षकाने खरोखर वाचावे, मग ती भुताची गोष्ट असो, कॉमिक असो की क्रिकेटवरचे मासिक. परत करताना त्यातला एखादा प्रसंग नेमका उल्लेखावा. सरांनी आपले पुस्तक वाचले हे कळल्यावर ते मूल पुढे सरांचे पुस्तक मागते. त्याच्या आवडीला नाक मुरडले तर तो संवाद तेथेच संपतो.

काही मुले तरीही वाचणार नाहीत. त्यांपैकी कुणाला अजून जोडाक्षरे अडत असतील, एकेक शब्द लावत वाचावे लागत असेल, तर त्याला प्रेरणेची नव्हे, वाचायला शिकवण्याची गरज आहे हे ओळखले पाहिजे. अशा मुलासाठी रोज थोडा वेळ शेजारी बसून सोपे पुस्तक मिळून वाचणे हा वेगळा उपाय आहे, आणि परिपाठातल्या बोलण्याने त्याची भरपाई होत नाही. दरम्यान वर्गात मोठ्याने वाचून दाखवलेले उतारे त्यालाही मिळत असतात, म्हणून ते बंद पडू देऊ नयेत.

वर्षाचा क्रम लावताना जूनमध्ये छोट्या, हलक्या पुस्तकांपासून सुरुवात करावी. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढल्यापासून रुजलेली परंपरा हाताशी असल्याने, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकाने आपण वाचलेले अंक वर्गात आणून मांडावेत. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी भाषणांऐवजी प्रत्येक शिक्षकाने आपल्या आवडीचे एक पान वाचावे, असे मुख्याध्यापकांशी आधीच ठरवून घ्यावे. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी शालेय ग्रंथालयातली सर्व पुस्तके जमा करून घेण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. ती मोडता आली तर अवश्य मोडावी, कारण मुलांना सर्वाधिक मोकळा वेळ मे महिन्यातच असतो. ज्याला जे हवे ते वहीत नोंदवून न्यायला द्यावे, आणि त्याच वहीत शिक्षकानेही आपण सुट्टीसाठी नेलेल्या पुस्तकांची नोंद मुलांच्या नावांबरोबर करावी.