फक्त ॲपवरच्या बँकेत पैसे ठेवताय? आधी हे बघा

भो, रावेर-यावलकडं केळीचे पैसे आले, नाहीतर कापूस विकला की हल्ली पोरं पटकन ॲपवर खातं उघडतात, शाखा नाही न रांग नाही. उघडा, पण एक बघा, आपल्याकडं आरबीआय फक्त-डिजिटल बँकेला वेगळं लायसन देत नाही, म्हणजे त्या ॲपच्या मागं कुठलीतरी लायसनवाली बँक असायलाच पाहिजे. ती कोणती हे खात्याच्या आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं सांगतात, ती शोधा आणि त्या बँकेच्या वेबसाईटवर या ॲपचं नाव आहे का बघा, नसेल तर पैसे टाकूच नका.

विमा पण बँकेतल्या ठेवीला असतो, व्याज धरून ५ लाखांपर्यंत, एका बँकेतली तुमची सगळी खाती मिळून. वॉलेटमधल्या पैशाला तो नाही, हे गावात कोणी सांगतच नाही.

पैसे परस्पर गेले तर तासभर पण थांबू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन लावा, बँकेला कळवा, तक्रार नंबर लिहून घ्या. आरबीआयनं २०१७ ला आणलेल्या नियमाप्रमाणे चूक तुमची नाही न बँकेचीही नाही, आणि मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसात कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच.

बँकेनं ३० दिवसात उत्तर दिलं नाही की आरबीआयच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं, ऑनलाईन तक्रार टाका, फी लागत नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे.