धाप लागलेला रुग्ण येण्याआधी: रातपाळीची तयारी

पऱ्हाट्यांच्या धुरात उभं आयुष्य काढलेली आजी थंडीत पहाटे तीनला ऑटोतून उतरते, तेव्हा ती बोलत नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मानेच्या शिरा ताणून नुसती बसते. त्या वेळी सामान शोधायला लागलात की गेलंच. म्हणून चार्ज घेतानाच एक फेरी मारा.

आधी सिलिंडर. जम्बोत साधारण 7000 लिटर ऑक्सिजन असतो, छोट्या बी-टाइपात 1500. मिनिटाला 10 लिटर सोडला तर छोटा अडीच तासांत रिकामा. गेजचा काटा स्वतः बघा, ‘भरलेलाच हाये जी’ यावर जाऊ नका. पाना सिलिंडरलाच दोरीने बांधा. तो नेमका रात्रीच हरवतो.

मग बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावून दोन मिनिटं चालवून बघा, कारण लाईन जाणारच. मास्क तिन्ही मापांचे हवेत. दात नसलेल्यांचे गाल आत गेलेले असतात, तिथून हवा गळते. कवळी घट्ट बसत असेल तर काढू नका. मास्कला किंवा नळीला हवा बाहेर जायला बारीक छिद्रं असतात. आमच्याकडे एकाने ‘लीक आहे’ म्हणून त्यांवर चिकटपट्टी मारली होती! सोडलेला श्वास पुन्हा आतच, आणि बाबाजी गुंगायला लागले. ती छिद्रं नव्या माणसाला बोट ठेवून दाखवा.

सुरुवात आत घेताना 10, सोडताना 4-5 अशा प्रेशरवर. पट्टे लगेच आवळू नका. पहिली पाच-दहा मिनिटं मास्क हाताने धरा, बोलत राहा. धुराने फुप्फुसं खराब झालेल्या जुन्या दमेकऱ्याचं (सीओपीडी) सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, 88 ते 92 टक्के पुरे. 99 बघून खूश होऊ नका, जास्त ऑक्सिजनने अशांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. तडफडतोय म्हणून झोपेचं इंजेक्शन तर मुळीच नाही.

ट्रेमध्ये आवळलेल्या श्वासनळ्यांसाठी साल्बुटामॉल, इप्राट्रोपियम, हायड्रोकॉर्टिसोन. छातीत पाणी भरलेल्यासाठी फ्युरोसेमाइड आणि नायट्रोग्लिसरीन, पण नायट्रोग्लिसरीन बीपी बघूनच. डोस डॉक्टर सांगतील. तारीख उलटलेली एम्प्युल काढून टाकणं आपलं काम.

हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आणि घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा बल्बही तपासा. बेशुद्ध किंवा सारखा ओकणारा रुग्ण मास्कचा नाही. मण्यार चावलेल्याच्या पापण्या मिटत असतील, थुंकी गिळवत नसेल, तर त्याला श्वासनलिकेत नळीच लागते, आणि सर्पविषावरची लस.

तासाभरात श्वासांची गती उतरली नाही की 108 ला फोन. खरं तर मास्क लावतानाच केलेला बरा, गाडी यायला वेळ लागतो. चिठ्ठीवर मास्क किती वाजता लावला, प्रेशर किती, कोणतं औषध कधी दिलं ते लिहा. मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पोचल्यावर पहिला प्रश्न तोच असतो, आणि सोबतच्या पोराला त्यातलं काही सांगता येत नाही.