हार्ड डिस्क जायला लागलीय? आधी डेटा काढा, बाकी सगळं नंतर

लॅपटॉप एकदम मंद झालाय, फोल्डर उघडलं की वरच्या पट्टीत ती हिरवी रेघ सरकत बसते, मधेच सगळं थिजतं आणि दोन मिनिटांनी आपोआप चालू होतं. अशा वेळी बहुतेक जण काय करतात, अँटीव्हायरस फिरवतात, डीफ्रॅग (डिस्कवरच्या विखुरलेल्या फाइल्स एकत्र लावणं) लावतात, कुठलातरी व्हिडिओ बघून चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवतात, आणि शेवटी दुकानात नेऊन "फॉरमॅट मारून द्या" म्हणतात. या सगळ्यात मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर राबवलं जातं आणि सकाळी जो डेटा निघाला असता तो संध्याकाळी निघत नाही. क्रम उलटा पाहिजे, आधी डेटा बाहेर, मग निदान. आणि दुरुस्ती म्हणाल तर हार्ड डिस्कची दुरुस्ती असं काही नसतंच, ती बदलायचीच असते.

आधी कान लावा

लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधे चकत्या बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेऱ्या या वेगाने फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. ते हेड चकतीला टेकलं की वरचा चुंबकी थर खरवडला जातो, आणि जो खरवडला गेला तो गेला, कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. त्यामुळे टक... टक... टक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल, किंवा लॅपटॉप पडल्यानंतर खरखर सुरू झाली असेल, तर तिथेच बंद करा. "एकदा चालू करून बघूया" हे सुद्धा नको. डेटा महत्त्वाचा असेल तर क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडे द्या, खर्च बराच येतो, पण त्याला पर्याय नाही. फ्रीजरमधे ठेवणं, हळूच आपटणं, घरी झाकण उघडणं हे उद्योग करू नका. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर बाष्प जमतं आणि उरलंसुरलं काम होऊन जातं.

आवाज नाही, नुसती मंद आहे, फाइल करप्ट दाखवतेय, तर मात्र घरी बरंच करता येतं. (एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर आवाज नसतोच, ती बऱ्याचदा काही न सांगता एक दिवस दिसेनाशी होते किंवा लिहून घेणं बंद करते. म्हणून तिच्या बाबतीत जरा जरी शंका आली तरी लगेच कॉपी काढायची.)

कॉपी काढायची ती कशी

बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या, लॅपटॉप चार्जरला लावा, गादीवर नाही तर टेबलावर ठेवा आणि स्लीप बंद करून टाका. मग सगळ्यात आधी ते, जे जगात दुसरीकडे कुठेच नाही. सिनेमे आणि गाणी परत मिळतात, फोटो आणि हिशेब मिळत नाहीत. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे चार फोल्डर सगळ्यांनाच आठवतात. विसरतं ते वेगळंच. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर बऱ्याचदा सी ड्राइव्हमधे स्वतंत्र असतो, तो बघा. ईमेलसाठी आउटलुक वापरत असाल तर त्याच्या पीएसटी फाइल्स, मेल त्यांत साठवलेले असतात. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे फॉन्ट. श्रीलिपी किंवा तशाच जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधे टाईप केलेल्या फाइल्स असतील, लग्नपत्रिका, संस्थेची इतिवृत्तं, वकिलाचे जुने ड्राफ्ट, तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्टही उचलून घ्या. नाहीतर नव्या डिस्कवर फाइल उघडेल पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती रांगोळी दिसेल, आणि मग तो नेमका फॉन्ट शोधत फिरावं लागेल.

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह आहे ती मुळात डिस्कवर नाहीच, तिला हात लावू नका, कारण कॉपी करायला गेलात की ती आधी त्याच आजारी डिस्कवर डाउनलोड होते.

आता साधं कॉपी-पेस्ट केलं तर एका खराब फाइलवर सगळं अडकून बसतं. त्यापेक्षा विंडोजमधेच असलेली रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड वापरा. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, रोबोकॉपी लिहून पुढे कुठून आणि कुठे ते दोन पत्ते द्यायचे (पत्त्यात स्पेस असेल तर अवतरणचिन्हात), आणि शेवटी स्लॅश ई (आतले सगळे फोल्डरही घे), स्लॅश आर कोलन ० (पुन्हा प्रयत्न नको), स्लॅश डब्ल्यू कोलन ० (मधे थांबू नको), अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत. ते आर आणि डब्ल्यू विसरू नका, कारण काही न सांगता चालवलं तर रोबोकॉपी एका न वाचता येणाऱ्या फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी मधे ३० सेकंद थांबतं. शून्य दिलं की खराब फाइल सोडून पुढे जातं. कुठली राहिली ते स्क्रीनवर दिसतं, स्लॅश लॉग देऊन फाइलमधेही उतरवून घेता येतं.

विंडोजच चालू होत नसेल तर

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजसारख्याच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) डाउनलोड करून रूफस नावाच्या फुकट टूलने पेनड्राइव्हवर टाका. लॅपटॉप चालू करताना डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ दाबलं की कशावरून सुरू करायचं ते बहुतेक मॉडेलमधे विचारतं. पेनड्राइव्ह निवडा आणि "इन्स्टॉल" नाही, "ट्राय" म्हणा. इन्स्टॉल दाबलंत तर संपलंच. अशाने विंडोज डिस्कला छळत नाही आणि बऱ्याचदा ड्राइव्ह निवांत उघडतो. फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही असा मेसेज आला तर उत्तमच, आपल्याला लिहायचंय कुठे. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर मात्र ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे सापडते, मोबाइलवरून लॉगिन करून बघा.

फाइल्स सुट्या निघतच नसतील, किंवा डिस्क एवढी अडखळतेय की फोल्डरच उघडत नाही, तर शेवटचं हत्यार म्हणजे लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू. हे फाइल बघत नाही, अख्ख्या डिस्कची सेक्टरन् सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा) प्रतिमा बनवतं, आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतं. मॅपफाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) मात्र नक्की द्या, म्हणजे मधे लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. प्रतिमा ठेवायची जागा मूळ डिस्कपेक्षा मोठी पाहिजे, आणि सोर्स आणि डेस्टिनेशन तीनदा वाचून मगच एंटर, कारण उलटं दिलं तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल. एकदा प्रतिमा मिळाली की मूळ डिस्क बाजूला ठेवून टेस्टडिस्क, फोटोरेक वगैरे डेटा शोधून काढणारी टूल्स, काय चालवायचं ते त्या प्रतिमेवर चालवा, कितीही वेळा.

आता निदान

डेटा हातात आला की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं टूल चालवा, पोर्टेबल व्हर्जन पेनड्राइव्हवरूनच चालतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे बाद. पण रंगावर थांबू नका, खालचे आकडे बघा. ०५ म्हणजे किती सेक्टर खराब ठरवून राखीव जागेत हलवले, सी५ म्हणजे किती सेक्टर वाचता येत नाहीयेत आणि निकाल लागायचाय, सी६ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही जे वाचता आले नाहीत ते. या तिघांत शून्याच्या वर काही दिसलं आणि दोन दिवसांनी वाढलं तर डिस्क चालली. आकडे सहसा हेक्समधे (सोळाच्या पटीतली मोजणी, त्यात अक्षरंही येतात) दिसतात, सेटिंगमधे दशमान करून घ्या, उगाच घाबरायला होतं. सी७ (डेटा पाठवताना झालेल्या चुका) एकटाच वाढत असेल तर दोष बऱ्याचदा केबल किंवा कनेक्टरचा असतो, डिस्क काढून नीट बसवली तरी भागतं.

दुकानदार फॉरमॅट मारून "बघा, झाली ठीक" म्हणतो ना, त्यात पूर्ण खोटं नसतं. खराब सेक्टरवर नव्याने लिहिलं की डिस्क तो बदलून टाकते किंवा परत वापरात घेते, त्यामुळे सी५ शून्यावर येतो. कारण मात्र आत तसंच असतं. अशी डिस्क विश्वासाच्या कामाला नको.

नवीन घेताना अडीच इंची साटा एसएसडी जुन्या लॅपटॉपमधे त्याच जागी बसते, दोन-चार स्क्रू. मॉडेल नंबर टाकून आधी खात्री करा, नव्या लॅपटॉपमधे एम२ (पट्टीसारखी छोटी एसएसडी) असते आणि काहींत तर सोल्डर केलेलीच. विंडोजचं लायसन्स डिजिटल असेल तर ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली तरी नेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा नवीन टाकायचंच आहे तर मशीन ११ ला चालतं का ते याच वेळी बघून घ्या.

जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नका. दोन महिने कपाटात ठेवा, कारण "ती पॅन कार्डची स्कॅन कुठंय" हे हमखास नंतर आठवतं. वॉरंटीत बदलून मिळणार असेल तर जुनी कंपनीकडे जाते, डेटासकट, हे लक्षात घेऊन ठरवा. फोडून टाकायची असेल तर जाड कापडात गुंडाळा आणि डोळ्यांना चष्मा लावा, कारण लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि हातोडा बसला की त्यांचा चुरा उडतो.