आधी कान, मग बोटं, मग ‘गमभन’

मूल तीन वर्षांचं झालं की घरोघरी पाटी निघते आणि ‘अ अननसाचा’ सुरू होतो. एवढी घाई नको. वाचनाची सुरुवात कानापासून होते.

१. शब्द फोडायचा खेळ खेळा. टाळ्या वाजवत ‘ब-टा-टा’ म्हणा: तीन टाळ्या. ‘पो-ळी’: दोन. हे जमलं की भेंड्या. गाण्यांच्या नव्हे, वस्तूंच्या. ‘म’ने सुरू होणारं स्वयंपाकघरात काय काय आहे? माठ, मीठ, मोहरी. पाटीला अजून हात लावायचा नाही.

२. रोज वाचून दाखवा. मांडीवर घ्या, ओळीखालून बोट फिरवा, मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ विचारा. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही. दुधाची पिशवी आणि एसटीची पाटीही वाचायच्याच गोष्टी.

३. बोटांना काम द्या. मटार सोलणं, कणकेचे गोळे करणं, ताटात रवा पसरून त्यात रेघोट्या मारणं. महागडे संच लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत पानं, बिया आणि शिंपल्यांवरच काम भागवलं होतं.

४. आता अक्षरं, पण अ-आ-इच्या क्रमाने नकोत. ‘अ’ वळणाला अवघड, ‘इ’ त्याहून. जुनी ‘गमभन’ची रीत शहाणपणाची आहे. चारही अक्षरांना उभा दंड आहे, त्यामुळे हात लवकर बसतो. शिवाय चारच अक्षरांत मन, मग, गगन, नमन असे खरे शब्द वाचता येतात. त्यात काना शिकवा, की नाग, भाग, मान आले, आणि मुख्य म्हणजे मामा आणि नाना! आपल्या माणसाचं नाव स्वतः वाचता आलं की मूल पुढचं अक्षर आपणहून मागतं. भ-म, घ-ध अशा जोड्यांत गोंधळ होतोच, म्हणून दोन्ही एकाच आठवड्यात शिकवू नका. पहिल्या वेलांटीला वेळ द्या: ‘कि’मध्ये खूण आधी दिसते, उच्चार मागून येतो. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी.

५. त्याला हवं ते लिहू द्या. चित्राखाली ‘आजि आलि’ लिहिलं तर लाल पेन काढू नका. प्रत्येक आवाजाला त्याने अक्षर शोधलंय. फक्त शेवटची वेलांटी दीर्घ असते हे त्याला अजून ठाऊक नाही. खाली आपल्या अक्षरात ‘हो, आजी आली!’ असं उत्तर लिहा.

दुसरी संपत आली तरी अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नसेल, तर आणखी गिरवून घेऊ नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या, मग वर्गशिक्षकांशी बोला.