बाळाचं ट्रान्सप्लांट आणि आपण नातेवाईक: या चुका टाळा

माझ्या भाच्याचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं तेव्हा तो दहा महिन्यांचा होता, आणि खाली ज्या चुका लिहितेय त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात, उरलेल्या बाकीच्यांना करताना बघितल्यात. वाईट कोणीच नव्हतं हो. सगळ्यांना मदतच करायची होती, पण मदतीला आलेल्यांना सांभाळणं हेच ताईचं एक जादाचं काम होऊन बसलं होतं.

'काही कळलं का?' म्हणून फोन करणं

ही सगळ्यात कॉमन. बाळ वेटिंग लिस्टवर असलं की आईबाप फोन उशाशी घेऊन झोपतात, कारण अवयव मिळाला की वेळ मोजून असतो. काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं, लिव्हरला थोडा जास्त वेळ मिळतो, किडनी त्याहून जास्त टिकते, पण घरच्यांची धावपळ तीच. बॅग भरून दाराशी, फोन चार्ज, कान फोनकडे. आणि रिंग वाजली की ताईच्या पोटात गोळा, स्क्रीनवर बघते तर मी! 'काही कळलं का गं?' दुसऱ्या आठवड्यात दाजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तू फोन करू नकोस, मेसेज कर, आणि शेवटी 'रिप्लाय नको' असं लिहीत जा. तेव्हा राग आला होता, आता मी स्वतः सगळ्यांना हेच सांगते.

यावर सोपा उपाय म्हणजे घरातला एक माणूस बातम्यांसाठी नेमायचा, आई किंवा बाबा सोडून. तोच ग्रुपवर टाकणार, ज्याला विचारायचंय त्याने त्यालाच विचारायचं.

आणि 'कितवा नंबर लागलाय?' हे तर विचारूच नका. ती रांग नसते. बाळ किती आजारी आहे, रक्तगट कोणता, अवयवाचा साइज बसतो का, असं सगळं बघून ठरतं, त्यामुळे आज आलेलं बाळ कालच्याच्या आधी जाऊ शकतं. कधी कधी तर फोन येतो, हे लोक पोचतात, बाळ उपाशी ठेवलेलं, आणि मग डॉक्टर येऊन सांगतात की तपासल्यावर अवयव चांगला निघाला नाही, घरी जा. अशा रात्री 'जाऊ दे, पुढच्या वेळी होईल' म्हणू नका, गुपचूप गाडी घेऊन न्यायला जा. 'लवकर डोनर मिळू दे' हेसुद्धा जपून बोला, कारण मिळणं म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी घरात काय झालेलं असतं हे त्या आईला पक्कं माहिती असतं आणि ती त्याच विचाराने रात्र रात्र जागी असते.

कोणामुळे झालं याचा तपास

भाच्याला बिलिअरी अट्रेशिया होता. म्हणजे लिव्हरमधून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद, पित्त आतच साठतं आणि लिव्हर खराब होत जातं. तान्ह्या बाळांना लिव्हर बदलावं लागण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. पण घरात चर्चा काय, तर ताईने गरोदरपणात काय खाल्लं, किती दगदग केली, कोणाच्या घराण्यात होतं. हा आजार सहसा घराण्यातून येत नाही, सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांमध्येही बहुतेक वेळा एकालाच होतो. आईने काही केलं म्हणून किंवा केलं नाही म्हणून तर नाहीच नाही. हे वाक्य ताईला कोणीतरी मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं.

(अवांतर: आधी पित्ताला वाट करून देणारं एक ऑपरेशन झालं होतं, कासाई नावाचं. मोरिओ कासाई या जपानी सर्जनच्या नावावरून, १९५० च्या दशकातलं आहे ते. आमच्या आजीने 'कसाई' ऐकलं आणि जो हंबरडा फोडला, तिला समजावण्यात अर्धा दिवस गेला. ताई दोन महिन्यांत पहिल्यांदा तेव्हा हसली.)

'तूच दे ना लिव्हर'

भावनेच्या भरात फॅमिली ग्रुपवर 'मी देतो' लिहिणं आणि दुसऱ्याला 'तुझा ब्लड ग्रुप जुळतो ना' म्हणून कोपऱ्यात गाठणं, दोन्ही चूक. मोठ्या माणसाच्या लिव्हरचा डावीकडचा छोटा भाग, साधारण पाव किंवा त्याहून कमी, बाळाला पुरतो आणि देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढतं, हे खरं. पण त्यासाठी रक्तगट चालायला हवा (इथे पॉझिटिव्ह-निगेटिव्हने सहसा फरक पडत नाही), लिव्हरवर चरबी नको, स्कॅन, मानसिक तपासणी, बरंच काही असतं. आणि डोनर अगदी शेवटच्या दिवशीही नाही म्हणू शकतो. त्यामुळे खरंच द्यायचं असेल तर ग्रुपवर जाहीर न करता हॉस्पिटलमधल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला (हे सगळं जुळवणारा माणूस) एकट्याने भेटा. आमच्यात एकाने मोठ्या उत्साहात हो म्हटलं आणि टेस्टच्या आदल्या दिवशी फोन बंद. तो घाबरला ते मी समजू शकते, ग्रुपवर बोलायला नको होतं एवढंच.

कोणी म्हणालं की एवढ्याशा बाळावर प्रयोग कशाला, तर सांगा की १९८९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये एका आईने आपल्या तान्ह्या मुलाला लिव्हरचा भाग दिला होता आणि ते ऑपरेशन यशस्वी झालं होतं. प्रयोगाचे दिवस कधीच मागे पडले.

शेवटी ताईनेच दिलं, आणि आमचं गणित इथे साफ चुकलं. आम्ही सगळे बाळाच्या आयसीयूबाहेर गर्दी करून, आणि ताई वेगळ्या मजल्यावर एकटी, टाके घातलेली, बाळ कसं आहे हे नर्सला विचारत. दाजी दोन मजल्यांमध्ये वरखाली. एकाच वेळी दोन पेशंट असतात हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही! घरी आल्यावरही तिला निदान सहा आठवडे वजन उचलायला बंदी, म्हणजे स्वतःचं बाळ रडतंय आणि उचलून घेता येत नाही. तेव्हा लागतो तो माणूस, जो बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवेल आणि बाजूला होईल. स्वतःच खेळवत बसणारा नको.

इम्युनिटी वाढवणारे काढे, चूर्णं, थेंब

ट्रान्सप्लांटनंतर बाळाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवलेली असते, नाहीतर शरीर नव्या लिव्हरवरच हल्ला करतं. आणि आपण प्रेमाने इम्युनिटी बूस्टर घेऊन जातो. नको! जडीबुटी नको, घरगुती उपाय नको, ग्रेपफ्रूट आणि पपनससुद्धा नको कारण औषधाचं रक्तातलं प्रमाण बिघडतं. तापाला आयबुप्रोफेन स्वतःहून द्यायचं नाही, किडनीवर ताण येतो. ३८ डिग्री ताप म्हणजे 'बघू सकाळपर्यंत' नाही, लगेच ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांच्या टीमला फोन.

सर्दी असताना भेटायला जाऊ नका, 'नुसतं लांबून बघतो' पण नको. पापे नको, हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि फ्लूची लस तुम्हीही घ्या. जिवंत विषाणूच्या लशी बाळाला आता सहसा देता येत नाहीत, त्यामुळे भोवतीच्या माणसांनी आपापल्या लशी घेणं हे त्याचं कवच. घरातल्या दुसऱ्या लहान मुलाला पोलिओचे तोंडावाटे थेंब द्यायच्या आधीसुद्धा टीमला विचारा.

माझी सगळ्यात मोठी चूक

टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती खाली ठेवणारं औषध) दर बारा तासांनी, वेळ चुकवायची नाही, हे मला पाठ होतं. फ्रीजवर ताईच्या अक्षरातला तक्ता, शेजारी सुई नसलेली छोटी सिरिंज, ०.६ वर मार्करने रेघ मारलेली. एका सकाळी ते दोघं थकून झोपले होते, मी म्हटलं उठवायला नको, बरोबर आठला डोस दिला, स्वतःवर खूश. आणि तो ब्लड टेस्टचा दिवस होता. औषधाचं रक्तातलं प्रमाण, म्हणजे लेव्हल, बघायचं रक्त सकाळच्या डोसच्या आधी घ्यायचं असतं, मग डोस. मी आधीच पाजलेलं, त्यामुळे ती टेस्ट वाया आणि दुसऱ्या दिवशी परत त्या इवल्याशा हाताला सुई. ताई काहीच बोलली नाही. त्या दिवसापासून तक्त्यावर टेस्टच्या दिवसाभोवती लाल गोल. तुम्ही बाळ सांभाळणार असाल तर हे आधी विचारून घ्या, आणि डोस दिल्यावर उलटी झाली तर परत किती द्यायचं हे आपल्या मनाने ठरवू नका.

पैसे गोळा करताना

न विचारता बाळाचा नळ्या लावलेला फोटो फिरवू नका. तो मुलगा उद्या मोठा होणारे आणि फोटो तिथेच राहणारे. पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यात, हिशोब एकाकडे. आणि टार्गेट फक्त ऑपरेशनचं धरू नका, औषधं बहुतेक आयुष्यभर आहेत, टेस्ट आहेत, हॉस्पिटलजवळ राहायची खोली आहे, बुडालेला पगार आहे.

'झालं ना आता सगळं?'

डिस्चार्जच्या दिवशी फुगे, फोटो, आणि आठवड्याभरात सगळे गायब. खरं तर पहिले काही महिने सगळ्यात नाजूक, सुरुवातीला आठवड्यातून दोनदासुद्धा रक्त काढतात, आणि रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने नव्या लिव्हरवर हल्ला करण्याचा, एखादा झटका तेव्हा बऱ्याच मुलांना येतो. रिजेक्शन ऐकून लगेच 'म्हणजे फेल गेलं का?' विचारू नका, बहुतेक वेळा औषधं वाढवून आटोक्यात येतं.

मोठ्या भावाकडेही कोणाचं लक्ष नव्हतं. सहा वर्षांचा तो, जो तो त्याला 'तू आता मोठा झालास' सांगायचा. एक दिवस मला म्हणाला, मी बाळाला ढकललं होतं म्हणून त्याचं लिव्हर खराब झालं का. कधीपासून मनात होतं कोण जाणे. 'काही लागलं तर सांग' असं ताईला शंभर जणांनी म्हटलं, तिने कोणालाच काही सांगितलं नाही, सांगायला पण ताकद लागते. म्हणून मी विचारणं सोडलं आणि एक काम धरलं. टेस्टच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी त्यांच्याकडे जाते, मोठ्याला उठवून आवरून शाळेत सोडते, ते तिघं लॅबला जातात. रिपोर्ट काय आला ते विचारत नाही, संध्याकाळी ग्रुपवर येतंच.